मंगळाची ओळख : पेण-रोह्याच्या मातीतून

सूर्यमालेचा धडा आला की मंगळाच्या वाट्याला पाच-सहा ओळी येतात. सूर्यापासून चौथा ग्रह, रंग तांबूस, फोबॉस आणि डीमॉस हे दोन चंद्र, वर्ष ६८७ दिवसांचे, दिवस आपल्या दिवसापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा. मुले हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि सुट्टी लागेपर्यंत विसरतात. या माहितीत चूक काही नाही. उणीव आहे ती एका प्रश्नाची : हे कशावरून?

हा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने विचारला तर शिक्षकाची पंचाईत होते. मंगळावर पूर्वी नद्या वाहत होत्या, सरोवरे होती, असे आपण सांगतो. पण तेथे माणूस गेलेला नाही आणि नदी तर कोणीच पाहिलेली नाही. उत्तर असे की नदी गेली तरी तिच्या खुणा राहतात, आणि त्या खुणा वाचायला शास्त्रज्ञ पृथ्वीवरच शिकलेले असतात. त्यांतल्या बऱ्याचशा खुणा पेण आणि रोहा तालुक्यांत शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. काळा कातळ, नदीतले गोटे, खारेपाटातला भेगाळलेला चिखल, गणपतीच्या कारखान्यातली माती. दुर्बीण नसलेल्या शाळेलाही मंगळाचा अभ्यास करता येतो तो असा.

काळ्यावरचे तांबडे

सुरुवात दगडापासून करावी. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि थिजले, त्यांतून तो बनला. मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टचाच आहे. मुलांना रस्त्याच्या कडेचा, पावसापाण्यात बरीच वर्षे पडलेला एक दगड आणायला सांगावे. त्याचा वरचा थर तपकिरी-तांबूस दिसेल. शिक्षकांनी स्वतः, डोळ्यांवर चष्मा लावून आणि दगड फडक्यात गुंडाळून, तो हातोडीने फोडावा. आत काळा, टणक दगड निघतो आणि कडेला तांबूस साल दिसते. बेसाल्टमध्ये लोहाची संयुगे भरपूर असतात. हवा आणि पाणी यांच्या संपर्कात त्यांचे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे सोप्या भाषेत दगड गंजतो. ही क्रिया लाखो वर्षे चालली आणि पावसाने इतर द्रव्ये धुऊन नेली की जांभा तयार होतो. माथेरानला सहलीला गेलेल्या मुलांच्या पांढऱ्या मोज्यांवर तो घरापर्यंत येतो.

मंगळाचा तांबडेपणाही असाच वरवरचा आहे. ‘क्युरिऑसिटी’ या गाडीने फेब्रुवारी २०१३ मध्ये तेथील खडकाला पहिल्यांदा भोक पाडले. बोटभर खोलीचे ते भोक. पण बाहेर आलेली भुकटी तांबडी नव्हती, करडी होती. फोडलेला दगड हातात असताना हे सांगितले तर वेगळे समजावून द्यावे लागत नाही. तांबड्या धुळीतले नेमके खनिज कोणते, याबद्दल मात्र मते बदलत आली आहेत. बरीच वर्षे ते हेमॅटाइट असावे असे मानत. २०२५ मध्ये एका संशोधक गटाने ते फेरिहायड्राइट असावे असे प्रतिपादन केले. या खनिजाच्या रचनेत पाणी असते, त्यामुळे ही धूळ मंगळ ओला असतानाच्या काळातली ठरते. पाठ्यपुस्तकातले ‘लोखंडाच्या गंजामुळे तांबडा’ हे वाक्य खोटे नाही, पण गंज अनेक प्रकारचे असतात आणि प्रत्येकाची जन्मकथा निराळी असते.

मंगळाचा खरा दगड भारतात पडलेला आहे, हेही वर्गात सांगण्यासारखे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी येथे एक उल्का पडली. ती बेसाल्टसारख्याच दगडाची आहे. त्याच जातीची एक उल्का पुढे अंटार्क्टिकात सापडली. तिच्यातील काचेत अडकलेला वायू तपासला, तेव्हा त्याचे घटक ‘व्हायकिंग’ यानांनी १९७६ मध्ये मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळले. या सर्व जातीला आज जगभर शेरघाटीच्या नावावरूनच ओळखतात.

गोटे काय सांगतात

खाणीवरची खडी आणि कुंडलिकेतला गोटा शेजारी शेजारी ठेवून मुलांना फरक विचारावा. दगड तोच, पण खडीच्या कडा हाताला बोचतात आणि गोटा गुळगुळीत असतो. घरंगळत, एकमेकांवर आपटत, वाळूशी घासत आल्यामुळे त्याचे कोपरे गेले. विटेचे दहा-बारा तुकडे पाण्यासह एका घट्ट झाकणाच्या डब्यात घालून चारपाचशे वेळा हलवले तर ही क्रिया वर्गात दाखवता येते. आधी आणि नंतर तुकड्यांचे वजन करायला विसरू नये.

सप्टेंबर २०१२ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ला गेल नावाच्या विवरात असेच गोटे एकमेकांना चिकटून घट्ट झालेल्या थरात दिसले. काही वाळूच्या कणाएवढे, तर काही लिंबाएवढे. वाऱ्याने वाळू उडते, लिंबाएवढा दगड उडत नाही. तेव्हा तो पाण्यानेच वाहून आणला असला पाहिजे. गोट्यांच्या आकारमानावरून शास्त्रज्ञांनी प्रवाहाचा अंदाज बांधला : पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत खोल आणि वेग सेकंदाला सुमारे एक मीटर. कोट्यवधी किलोमीटरवरच्या, अब्जावधी वर्षांपूर्वी आटलेल्या ओढ्याची खोली कमरेएवढी होती, असे म्हणता येते ते गोट्यांमुळे.

रोह्याच्या शिक्षकांनी कोलाडच्या बाजूचे आणि रोह्याखालचे गोटे जमवून त्यांची तुलना जरूर करावी, मात्र एक सावधगिरी बाळगावी. कुंडलिकेत भिरा येथील वीजगृहातून सोडलेले पाणी येते. हे पाणी घाटावरच्या मुळशी धरणाचे. एरवी ते भीमेतून बंगालच्या उपसागराला गेले असते, ते बोगद्यातून कोकणात उतरवले आहे. ते सोडले की नदीची पातळी बघता बघता चढते. गोटे काठावरचेच घ्यावेत, मुलांना पात्रात उतरू देऊ नये.

चिखलाच्या भेगा

आता या लेखातला मुख्य प्रयोग. याला खर्च जवळजवळ नाही, आणि काही वर्षांपूर्वी कुठल्यातरी नियतकालिकात आलेली गोष्ट मूल स्वतः पडताळून पाहू शकते असे प्रसंग विज्ञानशिक्षणात फार थोडे येतात. म्हणून येथे थोडे रेंगाळू.

पेणच्या खारेपाटात मार्च-एप्रिलमध्ये गेले तर भातखाचरांत आणि खाजणात जमीन भेगाळलेली दिसते. भेगांकडे आपण ‘जमीन तडकली’ एवढेच म्हणून पाहतो. मुलांना कोनमापक घेऊन पाठवावे आणि दोन भेगा जेथे मिळतात तेथील कोन मोजायला सांगावे. दोन प्रकारचे सांधे आढळतील. एका प्रकारात एक लांब भेग सरळ गेलेली असते आणि दुसरी तिला येऊन काटकोनात थांबते; इंग्रजी टी अक्षरासारखा हा सांधा. दुसऱ्या प्रकारात तीन भेगा एका बिंदूपासून तीन दिशांना जातात आणि प्रत्येक कोन १२० अंशांच्या आसपास असतो. हा वाय अक्षरासारखा.

असे का होते? चिखल सुकताना आकसू पाहतो, पण खालच्या ओल्या थराला चिकटलेला असल्याने त्याला मोकळेपणे आकसता येत नाही. त्यामुळे त्यात सर्व बाजूंनी ताण निर्माण होतो. ताण सोसवेनासा झाला की भेग पडते. भेग पडल्यावर तिच्या कडेच्या मातीला भेगेच्या आडव्या दिशेने आकसायला जागा मिळते, त्या दिशेचा ताण संपतो. भेगेला समांतर असलेला ताण तेवढा शिल्लक राहतो. नवी भेग नेहमी ताणाला काटकोन करून जाते. म्हणून ती जुन्या भेगेजवळ येताना वळते आणि तिला काटकोनात मिळते. टी सांधा म्हणजे ‘आधी ही, मग ती’ अशी नोंद आहे.

पुढे भरतीचे किंवा पावसाचे पाणी येते, माती फुगते, भेगा मिटतात. मिटल्या तरी ती जागा कच्ची राहते. पुन्हा सुकताना भेगा त्याच रेषांवर उघडतात, पण त्याच क्रमाने नव्हे. मागच्या वेळी जी नंतर पडली ती या वेळी आधी उघडते, आणि आधीचीला तिच्याकडे किंचित वळावे लागते. असे पुष्कळ वेळा झाले की सांधा थोडा थोडा सरकत जातो आणि शेवटी तिन्ही भेगा बरोबरीच्या होतात. तीन सारखे कोन म्हणजे प्रत्येकी १२० अंश. वाय सांध्यांनी बनलेली षट्कोनी जाळी दिसली तर समजावे की येथे ओले-सुके हे चक्र एकदाच नव्हे, वारंवार घडलेले आहे.

हेच वर्गात करून पाहावे. ॲल्युमिनियमच्या जुन्या ताटात खाजणातल्या चिकण मातीचा बोटभर जाडीचा थर पातळ कालवून ओतावा आणि उन्हात ठेवावा. भेगा पडल्या की ताटावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद धरून त्या पेनने उतरवून घ्याव्यात आणि तारीख घालावी. मग हलक्या हाताने पाणी शिंपडून भेगा मिटू द्याव्यात, पुन्हा सुकवावे, पुन्हा उतरवावे. प्रत्येक फेरीला उन्हाळ्यात एखाद-दोन दिवस पुरतात. दोन-तीन फेऱ्यांत फरक जाणवत नाही, आणि मुलांचा धीर सुटतो तो इथेच. डझन-दोन डझन फेऱ्यांचे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले की सांधे सरकलेले दिसू लागतात. किती कोन १०० अंशांच्या आत, किती ११० ते १३० मध्ये, असा साधा तक्ता आठवीची मुलेही करू शकतात.

जून २०२१ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ने गेल विवरातल्या डोंगरावर चढताना एका खडकाचे छायाचित्र घेतले. त्या खडकात काही सेंटिमीटर रुंदीचे षट्कोन होते, भेगांमध्ये क्षार भरून घट्ट झालेले होते आणि सांधे वाय प्रकारचे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या खडकावर शोधनिबंध आला. त्याचा निष्कर्ष असा की मंगळावर पाणी एकदा येऊन कायमचे आटले असे नव्हे. तेथे चिखल ओला होणे आणि सुकणे हे चक्र दीर्घकाळ, कदाचित ऋतूंप्रमाणे, चालले होते. याला महत्त्व अशासाठी की लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनायला, म्हणजे जीवसृष्टीच्या पूर्वतयारीला, असे चक्र उपकारक ठरते असे रसायनशास्त्रज्ञ मानतात.

येथे एखादा विद्यार्थी शंका काढील की षट्कोन तर अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीच्या खडकातही आहेत, मग तेथेही चिखल होता का? शंका रास्त आहे. लाव्हा थंड होतानाही आकसतो आणि षट्कोनी स्तंभ बनतात. अतिथंड प्रदेशात जमीन गोठून आकसते आणि बहुकोन पडतात. मंगळाच्या ध्रुवांकडे तसे पुष्कळ आहेत. म्हणून एकट्या भेगांवर भागत नाही. खडक चिखलाचा की लाव्हाचा, बहुकोन बोटभर की घराएवढे, भेगांत काय भरले आहे, हे सर्व जुळावे लागते.

खाजणात असताना आणखी एक गोष्ट मुलांच्या नजरेस आणून द्यावी. तेथे भेगांबरोबर खेकड्यांची बिळे असतात, किड्यांच्या सरपटण्याच्या रेघा असतात, बगळ्यांची पावले असतात, चिपीची मुळे असतात. मंगळाच्या छायाचित्रात यांतले काही नाही. पेण म्हणजे मंगळ नव्हे. साम्य कोठे संपते हे मुलांनीच शोधून काढलेले बरे.

शाडू आणि प्लास्टर

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत दोन द्रव्ये वापरली जातात, शाडूची माती आणि प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यांच्यावरून होणारा वाद सर्वांना ठाऊक आहे. या दोन्ही द्रव्यांची भावंडे मंगळावर आहेत, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात आलेले नसते.

चिकणमाती म्हणजे नुसती बारीक धूळ नव्हे. दगडावर पाण्याची क्रिया दीर्घकाळ होते तेव्हा चिकणमातीची खनिजे बनतात, आणि त्यांच्या रचनेतच पाण्याचा अंश बांधलेला असतो. शाडूची मूर्ती सुकली तरी पाण्यात पुन्हा विरघळते, कारण सुकताना फक्त वरवरचे पाणी जाते. पणती भट्टीत भाजली की आतले बांधलेले पाणीही जाते, आणि मग ती पुन्हा माती होत नाही. हे बांधलेले पाणी अवरक्त प्रकाशात ओळखू येते. ‘मार्स एक्सप्रेस’ यानावरच्या उपकरणाने मंगळाभोवती फिरत असताना ते ओळखले आणि २००५ मध्ये तेथे चिकणमातीची खनिजे असल्याचे प्रसिद्ध झाले.

प्लास्टरचे मूळ जिप्सम. समुद्राचे पाणी आटत जाताना मिठाच्या आधी जिप्सम खाली बसते. पेण-उरणच्या खाडीपट्ट्यातले जुने आगरी मीठवाले पाणी एका कोंडीतून दुसरीत फिरवीत, त्यामागे हेच रसायनशास्त्र होते. जिप्सम तापवले की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते आणि प्लास्टर बनते. त्यात पाणी घातले की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट होते, आणि या वेळी ते गरम होते. मुलांनी भांड्याला बाहेरून हात लावून पाहावा. प्लास्टरमध्ये हात मात्र घालू नये, चटका बसतो. २०११ मध्ये ‘ऑपॉर्च्युनिटी’ गाडीला मंगळाच्या खडकात जिप्समची पांढरी शीर आढळली. ‘क्युरिऑसिटी’ने भोक पाडून काढलेल्या भुकटीत तर बॅसनाइट हे खनिज मिळाले, आणि ते रासायनिकदृष्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसच आहे. खडकांच्या भेगांतून कधीकाळी खारे पाणी झिरपले होते, हे या शिरांवरून कळते.

मग ते पाणी द्रवरूपात आज का नाही? एक इंजेक्शनची सिरिंज घ्यावी, सुई नको. त्यात वाफाळते पण उकळत नसलेले पाणी थोडे ओढावे, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या जोराने मागे खेचावा. पाण्यात बुडबुडे येऊन ते उकळताना दिसते, कारण दाब कमी झाला. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. तेथे पाणी शून्य अंशाच्या आसपासच उकळू लागते. म्हणजे बर्फ आहे, वाफ आहे, पण मधली अवस्था टिकत नाही. मंगळ लहान, त्याचे गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के, आणि त्याला आता सर्वव्यापी चुंबकक्षेत्रही नाही. त्यामुळे त्याची पूर्वीची दाट हवा बरीचशी अवकाशात निसटून गेली. ती अजून निसटते आहे, आणि ‘मेव्हन’ यानाने २०१४ पासून तिचे मोजमाप केले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला आपले मंगळयानही तेथे पोचले आणि २०२२ पर्यंत कक्षेतून काम करीत राहिले.

पत्रिकेतला मंगळ

नववी-दहावीच्या वर्गात मंगळ शिकवताना एक गोष्ट टाळून चालत नाही. त्या वर्गातल्या मुलींनी ‘मंगळ’ हा शब्द धड्यात येण्यापूर्वी घरात ऐकलेला असतो. थोरल्या बहिणीचे, मावशीचे जमत आलेले लग्न त्यावरून मोडलेले असते. शिक्षकाने येथे उपदेश करू नये, आणि वर्गात कोणाची पत्रिका मागवण्याचा अविचार तर मुळीच करू नये. फळ्यावर गणित मात्र मांडावे.

पत्रिकेत बारा स्थाने असतात. रूढ नियमाप्रमाणे पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिकेला मंगळ आहे असे म्हणतात. बारापैकी पाच. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे लग्नराशी सुमारे दर दोन तासांनी बदलते आणि एका दिवसात मंगळ बाराही स्थानांतून जाऊन येतो. म्हणजे कोणत्याही दिवशी चोवीस तासांपैकी सरासरीने दहा तासांत जन्मलेल्या सर्व बालकांच्या पत्रिकेला मंगळ येणार, मग ते पेणमध्ये जन्मो की पेरूमध्ये. साठांच्या वर्गात अशी साधारण पंचवीस मुले निघतील. मंगळ स्वतः त्या दिवसात ताऱ्यांमधून एक अंशभरही सरकलेला नसतो. यापुढे ‘कशावरून?’ हा प्रश्न मुलींनी स्वतः विचारावा. गोट्याबद्दल आणि भेगेबद्दल तो विचारायची सवय झाली असेल तर त्या विचारतील.

आकाशातला मंगळ

मंगळ दर सुमारे २६ महिन्यांनी पृथ्वीच्या एका बाजूला आणि सूर्य दुसऱ्या बाजूला असा येतो. याला प्रतियुती म्हणतात. तेव्हा तो रात्रभर दिसतो आणि ठळक असतो. पण सर्व प्रतियुती सारख्या नसतात. मंगळाची कक्षा चांगलीच लंबवर्तुळाकार आहे, आणि तिचा सूर्याला जवळचा भाग ज्या बाजूला येतो त्या बाजूला पृथ्वी ऑगस्टअखेर असते. त्यामुळे जवळच्या प्रतियुती नेहमी जुलै ते सप्टेंबर या काळात पडतात, म्हणजे कोकणवासीयांच्या नशिबी भर पावसात. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जुलै २०१८ ची प्रतियुती अशीच, आणि सप्टेंबर २०३५ मधलीही तशीच.

१९ फेब्रुवारी २०२७ ची प्रतियुती लांबची आहे, अंतर सुमारे दहा कोटी किलोमीटर. पण आकाश निरभ्र असण्याचा हा काळ, आणि त्या रात्री मंगळ सिंह राशीत मघा नक्षत्राच्या ठळक ताऱ्याजवळ, त्याच्या थोडासा उत्तरेला असेल. त्यामुळे निरीक्षण सोपे आहे. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, दर शनिवारी रात्री दहाच्या सुमारास, मुलांनी घराच्या अंगणातून एकाच कागदावर मघेचा तारा मध्यभागी धरून मंगळाची जागा ठिपक्याने दाखवावी. जवळचे दोन-तीन तारेही काढावेत. मंगळाचा रंग तांबूस, मघेचा निळसर पांढरा, त्यामुळे गफलत होणार नाही. आरंभी मंगळ मघेच्या पूर्वेला असेल आणि अखेरीस पश्चिमेला, म्हणजे तो उलटा चालताना सापडेल. का, ते आकृती काढून नंतर समजवावे, ठिपके घालण्याच्या आधी नको. एखाद्या शनिवारी ढग आले तर त्या तारखेची जागा कोरी सोडावी, अंदाजाने ठिपका घालू नये.